पद्मिनीची मीटर केबल बदलताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून बऱ्याच जणांच्या दारात आहेत आणि रविवारी सकाळी बाहेरही पडतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली यातली अगदी शेवटची गाडी धरली, तरी ती आज वीस वर्षांच्या पुढची आहे. मालक तिच्या कार्ब्युरेटरची, ब्रेकची, पत्र्याची काळजी घेतात. स्पीडोमीटरची केबल तुटेपर्यंत मात्र तिच्याकडे कोणी बघत नाही. तुटली की बाजारातून मिळेल ती आणायची, दोन नट आवळायचे आणि विसरून जायचं. मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत तीही गेलेली असते.

केबल सहसा आपोआप जात नाही, तिला काहीतरी मारतं. कुठे फार तीव्र वळण दिलेलं असतं, कुठे गिअरबॉक्सचं तेल तिच्यातून वर चढत असतं, कुठे मीटरच आतून जड झालेलं असतं, तर कुठे ती एक्झॉस्टच्या पाइपाला टेकलेली असते. ते कारण हाताशी आलं नाही तर नवी केबल म्हणजे वाया घालवलेले पैसे. म्हणून या लेखात नट कसा सोडवायचा यापेक्षा आधी काय बघायचं यावर जास्त भर आहे. काम अवघड नाही. चार-पाच हत्यारं, एक मदतनीस आणि घाई नसलेला अर्धा दिवस एवढं पुरतं. जुन्या फियाट ११०० डिलाइटला जवळजवळ हीच पद्धत लागू पडते. अँबेसेडरवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं उपयोगी पडेल, फक्त केबलचा रस्ता आणि टोकं वेगळी असतील.

आधी समजून घ्या, आत काय फिरतं

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून मागे प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे मागच्या चाकांपर्यंत फेरा नेणाऱ्या लांब दांड्याकडे जाते. गिअरबॉक्सच्या मागच्या भागात, त्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर मळसूत्री दाते असतात आणि त्यांना एक लहानसा पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, लागलेला असतो. शाफ्ट फिरला की पिनियन फिरतो. पिनियनच्या पोटात चौकोनी भोक असतं, त्यात केबलचं चौकोनी टोक बसतं. गाडी पुढे सरकली की केबल स्वतःभोवती फिरायला लागते आणि तो फेरा थेट डॅशबोर्डमागच्या मीटरपर्यंत पोचतो.

केबलचे दोन भाग. बाहेरची नळी स्थिर असते. तिच्या आत पोलादी तारांचे थर एकमेकांवर उलटसुलट गुंडाळून केलेली तार असते, तिला आपल्याकडचे कारागीर ‘आतली तार’ किंवा ‘इनर’ म्हणतात. फिरते ती हीच. गुंडाळणीची दिशा अशी ठेवलेली असते की ठरलेल्या बाजूला फिरताना वरचा थर आवळला जातो. उलट दिशेला फिरवली तर तो सुटायला लागतो. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची तार लांबीला जुळली म्हणून बसवू नये, याचं हे पहिलं कारण.

आता मीटर. ही तार सुईला कुठेही जोडलेली नसते, हे नवख्यांना खरं वाटत नाही. तार फिरवते ती एका चुंबकाला. चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची पातळ वाटी असते, तिला चुंबक शिवत नाही. चुंबक फिरला की वाटीत भोवरे प्रवाह (धातूतच गोल फिरणारी वीज) तयार होतात आणि ते वाटीला आपल्यासोबत ओढू बघतात. वाटीच्या आसाला केसासारखी बारीक स्प्रिंग असते, ती वाटीला मागे खेचते. या दोन ओढींचा जिथे समतोल होतो तिथे सुई उभी राहते. जर्मनीच्या ओटो शुल्झ यांनी १९०२ मध्ये या तत्त्वावरच्या स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं आणि पुढे शतकभर जगातल्या बहुतेक मोटारींनी तेच वापरलं. किलोमीटर मोजणारे आकडे मात्र वेगळ्या मार्गाने चालतात. त्यांना त्याच फिरणाऱ्या दांड्यावरून छोट्या दातेरी चाकांनी थेट गती मिळते, तिथे चुंबकाचा संबंध नाही.

एवढं लक्षात आलं की अर्धं निदान ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या बसल्या होतं.

सुई काय सांगते ते ऐका

सुई मेली आणि किलोमीटरचे आकडेही थांबले: तार तुटली आहे, टोक सुटलं आहे किंवा खालचा पिनियन फिरत नाही. सुई मेली पण आकडे व्यवस्थित पुढे जातात: केबल ठणठणीत आहे, बिघाड मीटरच्या आत आहे. केबल बदलून काहीही होणार नाही. याच्या उलट, सुई चालते पण आकडे थांबलेत, तरी दोष मीटरचाच. मला वाटतं, बाजारात विकल्या जाणाऱ्या कितीतरी केबली या एका निरीक्षणाने वाचल्या असत्या.

सुई २० आणि ४०च्या मध्ये थरथरते, वेग वाढला की शांत होते: तार कोरडी पडली आहे किंवा तिच्यात कुठेतरी मोड आली आहे. मोड आलेल्या जागी तार अडकते, ताण साठतो आणि मग ती एकदम सुटते. त्या झटक्यानेच सुई उडते. सोबत डॅशबोर्डमागून चिवचिव किंवा किरकिर ऐकू येत असेल तर संशय पक्का. आवाज सकाळी गाडी थंड असताना येतो आणि नंतर जातो, अशीही तक्रार असते. मग केबलइतकाच मीटरच्या कोरड्या पडलेल्या बुशवर (ज्यात मीटरचा दांडा फिरतो त्या नळीवर) संशय घ्यावा.

गाडी उभी असतानाही सुई शून्यावर येत नाही, किंवा वेग मंद असताना सुई भलतीच वर जाते: मीटरच्या आत तेल किंवा ग्रीस गेलं आहे आणि चुंबक-वाटी एकमेकांना चिकटू बघतायत. इथे थांबा. हे तेल आलं कुठून हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. उत्तर बहुधा गिअरबॉक्सपाशी सापडेल, त्याकडे पुढे येतोच.

हत्यारं आणि तयारी

पान्यांचा साधा संच, दोन स्क्रू ड्रायव्हर, लांब चोचीची पक्कड, उजेडासाठी बॅटरी (टॉर्च), चिंध्या, थोडं रॉकेल किंवा डिझेल, हलकं ग्रीस (ग्रॅफाइटचं मिळालं तर उत्तम), दोन-तीन मीटर मजबूत सुतळी आणि खाली ठेवायला एक परात. गाडी उचलायला जॅक लागेलच, पण जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. लोखंडी घोड्या हव्यात, चांगल्या आणि वजन पेलणाऱ्या. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक चालणार नाहीत, ते न सांगता फुटतात. ओळखीच्या गॅरेजमध्ये खड्डा असेल तर तासाभरासाठी मागून घ्या, घोड्यांपेक्षा तो बरा. डोळ्यांवर साधा चष्मा चढवा. वर्षानुवर्षांचा वाळलेला चिखल थेट तोंडावर येतो.

गाडी थंड असू द्या. एक्झॉस्टचा पाइप तुमच्या हातापासून फार लांब नसतो.

गाडीच्या बॅटरीची अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली तार काढून ठेवा. डॅशबोर्डमागे हात घालताना बोटांत पाना असतो आणि तिथेच इग्निशनच्या उघड्या जोडण्या असतात. जुन्या वायरिंगमध्ये काही तारांना फ्यूजही नसतो. एक ठिणगी उडाली तर दुपारभराचं काम महिनाभराचं होतं.

जुनी केबल काढणं

वरून सुरुवात करा. डॅशबोर्डखाली आडवं होऊन मीटरच्या मागे हात न्या. काळ्या नळीच्या टोकाला बाहेरून खरखरीत कडा असलेला गोल नट लागेल. तो हाताने सुटायला हवा. सुटत नसेल तर त्याच्याभोवती चिंधी गुंडाळा आणि पकडीने अगदी हलकेच हलवा. मीटरची मागची बाजू मऊ धातूची असते, जोर केला तर आटे जातात आणि मग मीटरच बाहेर काढावं लागतं. हात पोचतच नसेल तर हट्ट करू नका. मीटरला धरून ठेवणारे स्क्रू सैल करून ते थोडं पुढे ओढलं की जागा होते.

नट सुटला की केबल सावकाश बाहेर खेचा आणि टोक उजेडात बघा. इथे दोन मिनिटं द्या. टोक कोरडं आणि गंजलेलं असेल तर ग्रीस संपलं होतं. टोक काळ्या, पातळ तेलाने भिजलेलं असेल तर ते गिअरबॉक्सचं आहे. चौकोनाचे कोपरे घासून गोल झाले असतील तर मीटरकडून अडथळा होता का, ते तपासायला हवं.

आता आतली तार बोटांनी धरून वर ओढून पाहा. वरचा तुकडाच हातात आला तर तुटली आहे हे उघड. किती लांबीचा तुकडा आला ते मोजा आणि तेवढंच अंतर बाहेरच्या नळीवर मोजून त्या जागी बघा. बहुतेक वेळा तिथे एक वळण असतं, एखादी क्लिप करकचून आवळलेली असते किंवा नळी कशाला तरी घासत असते. मारेकरी तिथेच सापडतो.

मग खाली जा. पुढच्या चाकांना पुढून आणि मागून दोन्ही बाजूंनी ओट (चाक अडवणारे ठोकळे) लावा, मागची बाजू उचला, घोड्यांवर टेकवा, गाडी हाताने हलवून बघा. ती हलली नाही तरच खाली सरका. गिअरबॉक्सच्या मागच्या भागाकडे जाणारी पातळ काळी नळी शोधा आणि आधी त्या जागेची चिंधीने आणि रॉकेलने साफसफाई करा. ही पायरी लोक टाळतात. नट सुटल्यावर भोक उघडं पडतं आणि वरची वाळू सरळ गिअरबॉक्समध्ये जाते. खालची परात सरकवून ठेवा, नट सोडवा आणि केबलचं टोक गिअरबॉक्समधून मोकळं करा. तार तुटलेली असेल तर तिचा खालचा तुकडा पिनियनमध्ये अडकलेला असू शकतो. लांब चोचीच्या पक्कडीने तो बाहेर काढा. तो तसाच राहिला तर नवी तार पूर्ण आत बसणारच नाही.

केबल गाडीतून ओढून काढण्याआधी तिच्या वरच्या टोकाला सुतळी घट्ट बांधा आणि मग खालून ओढा. केबल बाहेर येईल आणि तिच्या जागी सुतळी राहील. नवी केबल त्याच वाटेने न्यायची आहे, शोधाशोध नको. मोबाइलवर प्रत्येक क्लिपचे आणि रबरी ग्रोमेटचे (पत्र्याच्या भोकातल्या रबरी कड्याचे) फोटो काढून ठेवा. अर्थात, जुनी वाटच चुकीची होती असं दिसलं तर सुतळीचा आंधळेपणाने पाठलाग करायचा नाही.

नवी घेण्याआधी हे तपासा

जुनी केबल हातात, गाडी अजून घोड्यांवर. हीच खरी तपासणीची वेळ.

हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि मदतनिसाला एक मागचं चाक हाताने फिरवायला सांगा. दुसरं चाक उलट दिशेला फिरेल आणि शाफ्ट स्थिरच राहील, तेव्हा ते दुसरं चाक कोणीतरी धरून ठेवायला हवं. आता बॅटरीच्या उजेडात पिनियनच्या चौकोनी भोकाकडे बघा. ते एकसारखं फिरायला हवं. थांबत, अडखळत फिरलं तर पिनियनचे दाते गेले आहेत. मग पिनियनचं घर काढून आतला पिनियन बदलावा लागेल. ते काम पहिल्यांदा एखाद्या जाणत्या मिस्त्रीसमोर करावं असं मी सुचवेन.

तेलाचं बघा. पिनियनच्या घराला तेल रोखणारं सील असतं. ते कडक झालं, चिरलं की तेल फिरणाऱ्या तारेच्या पिळावरून वर वर चढत जातं आणि काही महिन्यांत मीटरमध्ये पोचतं. वरचं टोक तेलकट सापडलं असेल तर सील बदलल्याशिवाय नवी केबल लावूच नका, आणि गिअरबॉक्सच्या तेलाची पातळीही तपासा. इतके दिवस ते तिथून कमी होत होतं.

शेवटी मीटर. चौकोनी टोकाचा एखादा छोटा तुकडा (जुन्या तारेचंच टोक चालेल) मीटरच्या मागच्या भोकात घालून बोटांनी फिरवा. अगदी सहज फिरलं पाहिजे आणि सुई किंचित उठली पाहिजे. खरखर लागली, जड वाटलं, तर मीटर दुरुस्तीवाल्याकडे द्या. घरी उघडून त्यात तेलाचे थेंब सोडू नका. ती केसासारखी स्प्रिंग एकदा बिघडली तर सुई कधीच खरं बोलणार नाही. जड मीटरला नवी केबल जोडली तर ताण तारेवर येतो आणि ती पिळवटून तुटते.

खरेदी

‘पद्मिनीची केबल द्या’ एवढं सांगून आणू नका. जुनी केबल सोबत न्या. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसचा परिसर, पुण्यात नाना पेठ, इथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग अजून निघतात. दुकानाच्या काउंटरवर दोन्ही केबली शेजारी शेजारी ठेवा आणि चार गोष्टी पडताळा: नळीची लांबी, दोन्ही नटांचे आटे, दोन्ही टोकांचा आकार, आणि आतली तार नळीच्या बाहेर किती येते. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात घातक. तार तीन-चार मिलिमीटर जास्त बाहेर आली तर नट आवळताना ती मीटरचा दांडा आत ढकलते आणि थोड्याच दिवसांत मीटर संपतं. कमी आली तर खड्ड्यात गाडी आदळली की टोक निसटतं.

हुबेहूब मिळाली नाही तर मीटर दुरुस्त करणारे काही कारागीर मापाने केबल बनवून देतात. जुनी नळी आणि नट चांगले असतील तर नुसती आतली तार बदलूनही भागतं. पण नळीचं प्लास्टिक फाटलं असेल, आतलं पोलाद दिसत असेल, तर पूर्ण केबलच घ्या. आपल्याकडच्या पावसात त्या चिरेतून पाणी शिरतं आणि नवी तारही गंजते.

दुकानातच एक परीक्षा करा. आतली तार बाहेर काढून दोन्ही टोकं दोन हातांत धरा, मध्ये तिचा मोठा झोळ खाली लोंबू द्या आणि एका हाताची बोटं सावकाश फिरवा. दुसऱ्या हातातलं टोक त्याच गतीने, सलग फिरलं पाहिजे. ते थांबून टुणकन उडत असेल किंवा झोळ एका बाजूला फेकला जात असेल, तर तारेत मोड आहे. काउंटरच्या सपाट काचेवर ती लोळवून बघितली तरी कळतं, मोड असलेली तार काचेवरून उसळते. अशी तार परत करा. घरी नेऊन हाताने सरळ करू म्हणाल तर सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशी तिची गत असते.

ग्रीस: थोडं, आणि वर अजिबात नाही

काही केबली कोरड्या येतात, काहींना कारखान्यातच भरपूर ग्रीस थापलेलं असतं. दोन्ही चूक. आतली तार पूर्ण बाहेर काढा, पुसून स्वच्छ करा. मग बोटांवर थोडं ग्रीस घेऊन खालच्या टोकापासून वर तारेला पातळ थर द्या आणि वरचं वीतभर, म्हणजे वीसेक सेंटिमीटर, कोरडं सोडा. तार फिरताना ग्रीस हळूहळू वर सरकतं, ती कोरडी जागा त्याच्यासाठी ठेवलेली असते. वरपर्यंत थापलंत तर ते मीटरमध्ये जाईल. इंजिन ऑइल वापरू नका, ते वाहतं. फवाऱ्याच्या डब्यातलं पातळ गंजनाशक तर नकोच. ते सुरुवातीला आवाज थांबवतं, मग उडून जातं आणि तार पहिल्यापेक्षा कोरडी होते.

बसवताना वळणांची काळजी

सुतळीला नवी केबल बांधा आणि ओढत जागेवर आणा. पत्र्याच्या भोकातला रबरी ग्रोमेट कडक झाला असेल तर आत्ताच नवा घाला. उघडा पत्रा नळीला कापत राहतो आणि पावसाचं पाणीही त्या भोकातून पायाशी येतं.

नंतर केबल कशी पडली आहे ते शांतपणे पाहा. कोणतंही वळण पंधरा सेंटिमीटरच्या त्रिज्येपेक्षा लहान नको. जेवणाच्या मोठ्या ताटाच्या कडेपेक्षा घट्ट वळण दिसलं की ते सोडवायचं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. दोन्ही टोकांपाशी निदान पाच सेंटिमीटर नळी सरळ हवी. मीटरमागे लगेच वळण घेतलेली केबल हमखास थरथरते. बहुतेक पद्मिनींत गिअरचा दांडा स्टिअरिंगवर असल्यामुळे त्याच्या सांध्यांच्या दांड्या इंजिनाच्या बाजूने खाली जातात, केबल त्यांच्या वाटेत नको. चारही गिअर टाकून बघा, कुठे अडकत नाही ना. पॅडल दाबून बघा. एक्झॉस्टपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या. क्लिपा केबलला धरून ठेवण्यापुरत्याच आवळा, नळी चेपली जाता कामा नये.

जोडणी खालून सुरू करा. चौकोनी टोक पिनियनमध्ये घाला. बसलं नाही तर ढकलू नका, तार किंचित फिरवा, ते आपणहून आत सरकेल. नट हाताने शेवटपर्यंत घ्या, मग पान्याने जेमतेम पाव फेरा. नट तिरका चढला असेल तर तो सुरुवातीलाच जड लागतो. सोडा, पुन्हा सरळ लावा.

वरचं टोक मीटरला लावण्याआधी मदतनिसाला पुन्हा चाक फिरवायला सांगा आणि तुम्ही डॅशबोर्डखाली टोकाकडे बघत राहा. ते सलग, न अडखळता फिरायला हवं. इथे अडखळलं तर वळणांत दोष आहे, आणि तो आत्ता काढणं सोपं आहे. सगळं ठीक असेल तर टोक मीटरमध्ये घाला. नळीचं तोंड मीटरला हाताने टेकवा. आतल्या तारेने विरोध न करता ते टेकलं, तर मापं बरोबर आहेत. नट फक्त बोटांनी आवळा. बॅटरीची तार जोडा, हँडब्रेक ओढा, घोड्या काढा, ओट काढा.

रस्त्यावर

मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश वेग वाढवत न्या. सुई १०-१५ पासूनच हलू लागली पाहिजे आणि एकसारखी चढली पाहिजे. थरथर राहिलीच तर नवी केबल खराब म्हणण्याआधी मीटरमागचं वळण बघा, दहातल्या बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

आकडा खरा आहे का, हेही पाहून घ्या. शेजारी बसलेल्याने मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघावा, तुम्ही सुई ६०वर स्थिर ठेवा. मोबाइल नको असेल तर महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवर जुनी पद्धत चालते: ६०च्या वेगाला एक किलोमीटर बरोबर ६० सेकंदांत जातो, ५०ला ७२ सेकंद लागतात. मीटर थोडं जास्त दाखवत असेल तर काळजीचं कारण नाही. फरक फार मोठा असेल तर टायरचा आकार मूळचाच आहे का ते विचारा. लहान टायर जास्त फेरे घेतो, म्हणून मीटर फुगवून सांगतं. केबल कशीही असली तरी त्यात बदल होत नाही. ती एक तर फेरे पोचवते किंवा पोचवत नाही.

चालू स्पीडोमीटर ही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधली अट आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणीसाठी गाडी आरटीओत न्यावी लागते, तेव्हा मेलेली सुई अडचण करू शकते. तारीख जवळ आली असेल तर हे काम आदल्या आठवड्यावर टाकू नका.

गाडीच्या वहीत तारीख, बसवताना मीटरवर असलेले किलोमीटर आणि आधी मीटर अंदाजे किती काळ बंद होतं ते लिहा. त्या काळातले किलोमीटर आकड्यांत नाहीत, तेव्हा पुढचा ऑइल बदल थोडा आधीच करा. पाचेकशे किलोमीटर झाले की मीटरमागचा नट एकदा सोडून टोकाला बोट लावा. बोट कोरडं निघालं तर नट परत लावा. तेल लागलं तर खालचं सील अजून गळतंय, आणि मीटरपर्यंत ते पोचण्याआधी तुमच्याकडे थोडे दिवस आहेत.